कानामागे

पहिल्या दिवशी दोना झुल्मीरा म्हणाल्या,
पुरुषासाठी काही घडवायचं तर आधी
तो हात कुठे ठेवतो ते बघ.

मी बघितलं.
गोंदोमारच्या बसमध्ये, बँकेत, मासळीच्या रांगेत.
खिशात ठेवतात. पाठीमागे ठेवतात. फोनवर.
एकमेकांच्या खांद्यावर, पण फक्त गोल झाल्यावर.

वहीत पंधरा अंगठ्या काढल्या.
सगळ्या जाड, चौकोनी, काळ्या केलेल्या,
जणू पुरुष म्हणजे फाटकाची कडी.
दोना झुल्मीरांनी चष्मा कपाळावर चढवला.
ही बाईचीच अंगठी आहे, म्हणाल्या,
नुसती रागावलेली.

मग चांदी.
जंत्रीच्या भोकातून तार ओढायची,
मोठ्यातून लहान, लहानातून आणखी लहान,
तुटली की पुन्हा मूस, पुन्हा पहिल्यापासून.
टाकणखार, फुंकणी, चिमटा.
माझा डाख वितळून भलतीकडेच पळायचा
आणि सांधा आ वासून तसाच.
बुटांचा कारखाना बंद पडल्यावर चौतिसाव्या वर्षी आलेली मी
बसायचे एवारिश्तूशेजारी. तो एकोणीसचा,
नाकात कडी, मनगटात चार.
पुरुषानं दागिना का घालावा,
हा प्रश्न त्याच्या घरी कुणालाच पडलेला नव्हता.

माझ्या घरी पडला होता.

वडील. आदेरितू. वाल्बोंचे सुतार.
लग्नाची अंगठी एकतीस वर्षं खिळ्यांच्या डब्यात,
कारण बेल्मीरूचं बोट यंत्राच्या पट्ट्यात
अंगठीसकट गेलं होतं,
आणि भुशातून ते शोधून दिलं होतं ह्यांनी.
तेव्हापासून अंगठी म्हणजे
माणसानं स्वतःच लावून घेतलेला सापळा.
साखळी? अडकते.
कफाची बटणं? बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या.
मी म्हटलं, परीक्षेला तुमच्यासाठीच करणार आहे.
त्यांनी माझं बोलणं पेन्सिलीबरोबर
कानामागे टाकलं
आणि फळी मापायला घेतली.

मी तिथेच थांबले.

उजव्या कानामागे एक खाच.
चाळीस वर्षांच्या पेन्सिलींनी घासून गुळगुळीत केलेली.
तिथे केस उगवत नाहीत, ऊनही पोचत नाही.
आई गेल्यावर
त्यांच्या अंगाला रोज टेकलेली
तेवढी एकच वस्तू.

रविवारी जेवणानंतर त्यांना डुलकी लागली,
तेव्हा मऊ मेणाची गोळी दाबून साचा घेतला.
जागे होते, मला वाटतं.
हलले नाहीत.

पहिली टोचली.
दुसरी घसरून कोबीच्या सुपात पडली.
तिसरी फार सुंदर झाली, म्हणून मोडली.
पाचवी की सहावी, आता आठवत नाही,
सुताराच्या पेन्सिलीसारखी चपटी, आतून पोकळ.
तारेनं भरलेली, पण फुलं नाहीत, हृदयं नाहीत,
फक्त पाइनच्या फळीवरच्या रेषा,
एका गाठीसकट.

दोना झुल्मीरांनी तराजूत टाकली. नऊ ग्रॅम.
भिंगाखाली धरली. सांधा दिसतो, म्हणाल्या.
मग स्वतःच्याच कानामागे ठेवून
खिडकीपर्यंत जाऊन आल्या,
आणि वीसपैकी चौदा दिले.

घरी वडिलांनी ती उलटसुलट केली.
अंगठ्याच्या नखानं गाठ तपासली.
हे लिहितं का?
नाही.
मग?
मला उत्तर आलं नाही.
वर्षभर शिकून एवढंच येत नव्हतं.

गुरुवारी कॅफेबाहेरून जाताना ऐकलं,
आतून कुणीतरी विचारत होतं, आणि ते सांगत होते,
मुलीनं केलंय. लिहीत नाही.
दोन्ही वाक्यं
एकाच सुरात, जरा मोठ्यानं.

कानामागून आली आणि तिखट झाली.
उजवी जागा आता चांदीची.
खरी पेन्सिल गेलीय डाव्या कानाला.
तिथे अजून खाच नाही,
दिवसातून दहादा पडते भुशात,
आणि वाकून शोधताना
ते शिव्या मला देतात.